स्पीकरमधली गुणगुण आणि वाचवलेली दुसरी तार

१/
रात्री घर शांत झाल्यावर ॲम्प्लिफायर सुरू करावा, गाणे अजून लावलेले नसावे आणि तरीही स्पीकरमधून एक मंद, अखंड ‘घूंऽऽ’ ऐकू यावी, हा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो. दुरुस्ती करणारे तिला ‘हमिंग’ म्हणतात. बहुतेक जण आवाज थोडा वाढवून ती झाकून टाकतात. पण या गुणगुणीला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्यात म्युनिकचा एक प्राध्यापक आहे, ट्राम आणि टेलिफोन यांच्यातला एक खटला आहे, टोरांटोचा एक पंचविशीतला तरुण आहे आणि रंगमंचावरचा एक मृत्यूही आहे. आजचा धागा त्या आवाजाविषयी.

२/
आधी या आवाजाचा स्वर ओळखू. आपल्या घरातील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करतो. तो थेट ध्वनीच्या मार्गात शिरला तर ५० हर्ट्‌झची खोल घरघर ऐकू येते. एसीचा डीसी करताना मागे राहिलेली लहर असेल, तर वारंवारिता दुप्पट होते, म्हणजे १०० हर्ट्‌झ. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर पांढरी पाचचा खर्ज घेतला की हा आवाज त्याहून किंचित चढा लागतो. अमेरिकेत ६० आवर्तने असतात. तिथली १२० हर्ट्‌झची गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध पडते. ती कोणत्याच पट्टीत बसत नाही.

३/
हे ५० आणि ६० कुठून आले? १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफुर्ट असा १७५ किलोमीटरचा वीजवाहनाचा प्रसिद्ध प्रयोग झाला. त्याची वारंवारिता ४० होती. पण एवढ्या कमी आवर्तनांत दिवे लुकलुकत. पुढे जर्मनीच्या एईजी कंपनीने ५० स्वीकारली, तर अमेरिकेत वेस्टिंगहाऊसने ६०. जपानमध्ये टोकियोने जर्मन यंत्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकी. तो देश आजही दोन वारंवारितांत विभागलेला आहे. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर पश्चिमेची वीज पूर्वेला पुरेशी देता आली नाही, त्यामागे हेही एक कारण होते. ब्रिटनमध्ये तर शहरागणिक वेगळी वारंवारिता होती. १९२६ च्या कायद्याने राष्ट्रीय ग्रीड उभारायचे ठरले, तेव्हा ५० ही सर्वांसाठी एक करण्यात आली.

४/
गुणगुणीचा स्वर असा ठरला. पण भिंतीतली वीज गाण्याच्या वाटेत शिरते कशी? या प्रश्नाचे उत्तर रेडिओच्या, टेलिफोनच्याही आधीच्या काळात आहे. १८३८ साली कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल हे म्युनिकचे प्राध्यापक न्यूरेंबर्ग ते फ्युर्थ या लोहमार्गाचे दोन रूळ तारायंत्राच्या दोन तारा म्हणून वापरता येतात का, हे तपासत होते. प्रयोग फसला, कारण प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपून जाई. त्या अपयशातूनच त्यांना दिसले की जमीन स्वतःच वाहक आहे. मग परतीच्या तारेची गरजच काय? एक तार ओढावी, दोन्ही टोकांना धातूची पट्टी जमिनीत पुरावी आणि परतीचा प्रवाह पृथ्वीवर सोपवावा.

५/
ही काटकसर जगभर पसरली. हजारो मैलांच्या मार्गावर निम्मी तार वाचणे म्हणजे प्रचंड पैसा वाचणे. तारायंत्राला तेवढे पुरतही होते. त्याला फक्त ‘कट्ट’ आणि ‘कडकट्ट’ एवढेच कळायचे. जमिनीतून चार भटके प्रवाह आले-गेले तरी संदेशाचे अक्षर बदलत नसे. १८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि नव्या यंत्राने जुनीच पद्धत उचलली: एक तार, बाकी पृथ्वी. फरक इतकाच की टेलिफोन अत्यंत क्षीण प्रवाहाचाही आवाज करतो. त्यामुळे शेजारच्या तारायंत्राची टिकटिक आणि जमिनीतल्या भटक्या प्रवाहांची खरखर, सारे त्याच्या कानात शिरू लागले.

६/
उपाय लवकर सापडला. १८८१ मध्ये बेल यांनीच एका नव्या रचनेचे पेटंट घेतले. परतीच्या प्रवाहाला जमीन द्यायची नाही, स्वतःची दुसरी तार द्यायची आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती पीळ देऊन न्यायच्या. पीळ दिल्यामुळे बाहेरच्या त्रासदायक उगमाजवळ कधी एक तार येते, कधी दुसरी. दोघींवर सारखाच परिणाम होतो. ऐकणारे यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा ऐकते. जे दोघींवर सारखे चढले आहे, ते वजा होऊन जाते. आज संगणकाच्या नेटवर्क केबलमध्ये दिसणाऱ्या पीळदार जोड्या याच कल्पनेच्या वंशज आहेत.

७/
उपाय ठाऊक असणे आणि तो अंमलात येणे यांत मात्र पैशाचे अंतर होते. दुसरी तार ओढायची म्हणजे तांब्याचा खर्च दुप्पट. कंपन्यांनी खरखर सहन केली. म्हणजे ग्राहकांना सहन करायला लावली. मग १८८८ आले. अमेरिकेतल्या रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग यांनी विजेच्या ट्रामचे मोठे जाळे यशस्वी करून दाखवले आणि पाहता पाहता शहरोशहरी ट्राम धावू लागल्या. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून येई आणि रुळांतून परत जाई. रूळ जमिनीवरच असल्याने त्यातला बराच प्रवाह जमिनीत उतरे. ज्या जमिनीवर टेलिफोन विसंबून होता, तीच आता ट्रामचीही परतीची वाट झाली.

८/
दोघांची परतीची वाट एकच झाल्यावर संघर्ष अटळ होता. ट्राम सुटली की टेलिफोनमध्ये घरघर सुरू होई. प्रकरणे न्यायालयात गेली. त्यांपैकी सिनसिनाटी शहराचा खटला महत्त्वाचा आहे: एका बाजूला टेलिफोन चालवणारी कंपनी, दुसऱ्या बाजूला विजेची ट्राम चालवणारी रेल्वे कंपनी. प्रश्न वरवर तांत्रिक, पण मुळात मालकीचा होता. पृथ्वीचा वाहक म्हणून उपयोग आधी ज्याने केला, त्याचा तिच्यावर हक्क निर्माण होतो का? ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९१ मध्ये रेल्वेच्या बाजूने कौल दिला. रस्ते मुख्यतः वाहतुकीसाठी आहेत, टेलिफोनचा वापर दुय्यम, आणि जमिनीवर कोणाची मक्तेदारी असू शकत नाही, असे त्याचे सार.

९/
या निकालाचा अर्थ साधा होता: शांतता हवी असेल तर ती स्वतःच्या खर्चाने विकत घ्या. १८९० च्या दशकात टेलिफोन कंपन्यांनी शहरांतून दुहेरी तारा टाकायला सुरुवात केली. दहा वर्षांपूर्वी पेटंटच्या कागदावर असलेला उपाय ट्रामच्या घरघरीने रस्त्यावर आणला. या धाग्याचे सूत्र इथेच हाती येते. दोन परकी मंडळे परतीची एकच वाट वापरतात, तेव्हा एकाचा आवाज दुसऱ्यात शिरतो. आणि ही सामायिक वाट जवळजवळ नेहमीच कोणीतरी एक तार वाचवल्यामुळे जन्माला आलेली असते.

१०/
भारतालाही हा हिशेब चुकला नाही. १९२५ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची रेल्वे धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. १९५० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेने नव्या विद्युतीकरणासाठी २५ हजार व्होल्ट, ५० आवर्तनांचा एसी प्रवाह स्वीकारला. एसी प्रवाह बाजूच्या समांतर तारांमध्ये आपली छाया पाडतो. त्यामुळे रुळांलगत खांबांवरून गेलेल्या उघड्या दूरसंचार तारा उतरवून त्या जागी जमिनीखालून केबल टाकाव्या लागल्या. परतीचा प्रवाह भरकटू नये म्हणून अनेक ठिकाणी त्याच्यासाठी वेगळी तार आणि बूस्टर ट्रान्सफॉर्मर बसवले गेले. सिनसिनाटीचा प्रश्नच नव्या रूपात उभा राहिला होता.

११/
आता घरात येऊ. १९२० च्या दशकातला पहिला घरगुती रेडिओ गुणगुणत नसे, कारण त्याचा भिंतीतल्या विजेशी संबंधच नव्हता. तो बॅटरीवर चाले, तीही एका नव्हे. व्हॉल्व्हची तार तापवायला एक शिशाची जड बॅटरी, आणि उच्च दाबासाठी दुसऱ्या कोरड्या बॅटऱ्यांची रांग. शिशाची बॅटरी वारंवार उचलून चार्ज करून आणावी लागे, आतले आम्ल गालिच्यावर सांडण्याची भीती वेगळीच. पण डीसी प्रवाह स्थिर असतो, त्याला आवर्तने नसतात, म्हणून पार्श्वभूमी निःशब्द. सोयीसाठी ही निःशब्दता सोडायला लोक केव्हाच तयार होते. फक्त कोणी तसे यंत्र बनवायचे बाकी होते.

१२/
टोरांटोचा एडवर्ड सॅम्युएल रॉजर्स हा तरुण या प्रश्नामागे लागला. अडचण मोठी होती. व्हॉल्व्हची तार एसीवर तापवली की प्रवाहाचे प्रत्येक आवर्तन तिच्यातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर उमटे आणि स्पीकरमधून गाण्यापेक्षा घरघरच अधिक येई. १९२५ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने एसीवर चालणाऱ्या खास व्हॉल्व्हचा रेडिओ बाजारात आणला. व्यापारी यश मिळवलेल्या पहिल्या अशा रेडिओंमध्ये तो गणला जातो. १९२७ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या केंद्राच्या ‘सीएफआरबी’ या नावातले शेवटचे अक्षर ‘बॅटरीलेस’ या शब्दाचे आहे. बॅटरी नसणे हीच तेव्हा मिरवण्याची गोष्ट होती.

१३/
युक्ती कोणती? तापणारी तार आणि इलेक्ट्रॉन सोडणारा पृष्ठभाग वेगळे करायचे. आत एसीवर तापणारी तार, तिच्याभोवती विद्युतरोधक आणि त्यावर धातूची नळी. नळीला उष्णता मिळते, पण वीज नाही. शिवाय ती तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात होणारा चढउतार तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. आरसीएने १९२७ मध्ये अशा रचनेचा ‘२२७’ हा व्हॉल्व्ह आणला आणि मग हीच पद्धत रूढ झाली. जुने रेडिओ सुरू केल्यावर आवाज यायला काही वेळ का लागे, याचे उत्तर इथे आहे. ती प्रतीक्षा म्हणजे गुणगुण टाळण्याची किंमत होती.

१४/
एवढ्यात दुसऱ्या बाजूने प्रगतीनेच घात केला. पूर्वीचे स्पीकर म्हणजे कर्ण्याचे. त्यांतून खालचे स्वर जवळजवळ येतच नसत, त्यामुळे ५० किंवा १०० हर्ट्‌झची घरघर ॲम्प्लिफायरमध्ये असली तरी ऐकू येत नसे. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्णा नसलेल्या, हलत्या कॉइलच्या स्पीकरवरचा आपला शोधनिबंध मांडला. आजचे बहुतेक स्पीकर त्याच घराण्यातले. त्यातून खर्ज प्रथमच भरदार ऐकू येऊ लागला आणि खर्जाबरोबर गुणगुणही. स्पीकर जितका चांगला, तितके यंत्राचे दोष उघडे. महागडा स्पीकर आणल्यावर घरघर ‘वाढली’ अशी तक्रार आजही होते, तिचे मूळ हेच.

१५/
त्या काळी बलवान कायम चुंबक स्वस्त नव्हते, म्हणून स्पीकरमध्ये विद्युतचुंबक असे. काटकसरी अभियंत्यांनी त्याच्या कॉइलकडून दुहेरी काम घेतले: चुंबकत्वही निर्माण करायचे आणि वीजपुरवठ्यातली लहरही गाळायची. पण लहर चुंबकात उतरली की स्पीकरच गुणगुणे. मग आणखी एक छोटी कॉइल उलट्या दिशेने जोडून तेवढीच विरुद्ध गुणगुण निर्माण केली जाई. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकत. हीच वजाबाकी पुढे गिटारमध्ये आली. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उलटसुलट दोन कॉइलच्या ‘हमबकर’ पिकअपसाठी पेटंटचा अर्ज केला. बेल यांच्या पीळदार तारांचे तत्त्व इथे तारवाद्याच्या पोटात शिरले.

१६/
वीजपुरवठ्यातली लहर गाळण्याचे मुख्य काम करतात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांना पाण्याची टाकी समजा: नळाला पाणी धक्क्याधक्क्याने आले तरी टाकीखालची धार सलग राहते. या कपॅसिटरमध्ये ओलसर रसायन असते आणि ते वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने सुकते. टाकी लहान होते, धक्के खाली पोहोचतात आणि १०० हर्ट्‌झची गुणगुण सुरू होते. आजोबांच्या रेडिओत किंवा वीस-तीस वर्षांच्या ॲम्प्लिफायरमध्ये हळूहळू वाढत गेलेली घरघर बहुधा या सुकलेल्या कपॅसिटरांची असते. ते बदलून मिळतात. मात्र यंत्र बंद केल्यावरही त्यांत घातक दाबाची वीज साठलेली असू शकते, म्हणून हे काम जाणकारानेच करावे.

१७/
आता दुसऱ्या प्रकारच्या गुणगुणीकडे वळू. ती सर्वांत हट्टी. १९३० च्या दशकात आरसीएने रेडिओला ग्रामोफोन जोडण्यासाठी एक स्वस्त पिन आणली. लाल-पांढऱ्या टोकांची ती ‘आरसीए पिन’ आजही आपल्या घरात आहे. तिच्या केबलमध्ये एक मधली तार असते आणि भोवती जाळी. जाळीला दोन कामे: बाहेरचा त्रास अडवायचा आणि ध्वनीचा प्रवाह परत न्यायचा. म्हणजे दुसरी स्वतंत्र तार पुन्हा वाचवली गेली! स्टुडिओ आणि टेलिफोन कंपन्या पीळदार जोडीवर कायम राहिल्या. घरगुती यंत्रे मात्र श्टाइनहाइल यांच्या काटकसरीकडे परतली.

१८/
एकच यंत्र असेल तर काही बिघडत नाही. पण संगणक एका सॉकेटला, ॲम्प्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटला आणि दोन्हींना अर्थिंगची तिसरी पिन असली, तर दोन्ही यंत्रे भिंतीतल्या अर्थच्या तारेनेही जोडली जातात आणि ध्वनीच्या केबलच्या जाळीनेही. एक वर्तुळ पूर्ण होते. त्याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये थोडा जरी दाबाचा फरक असला, तरी जाळीतून प्रवाह वाहतो आणि तो गाण्यात मिसळतो. केबल टीव्हीची तार ही आणखी एक अर्थ घरात आणते. ट्राम आणि टेलिफोन यांचे भांडण आता दिवाणखान्यात सुरू असते.

१९/
इथे एक धोक्याचा ‘उपाय’ पिढ्यानपिढ्या सांगितला जातो: अर्थची पिन काढून टाका. गुणगुण थांबते, हे खरे. पण ती पिन ध्वनीसाठी नसून जिवासाठी आहे. यंत्रात बिघाड होऊन धातूच्या पेटीत वीज उतरली तर तिला जमिनीत नेणारी ती एकमेव वाट. मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वॉन्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वी याचा एक हात गिटारच्या तारांवर होता आणि त्याने मायक्रोफोनला स्पर्श केला. मायक्रोफोनचे अर्थिंग नीट नव्हते. तो रंगमंचावरच गेला. आवाजासाठी अर्थिंगशी खेळणाऱ्या प्रत्येकाने ही घटना ध्यानात ठेवावी.

२०/
मग करावे काय? आधी ॲम्प्लिफायरला जोडलेल्या साऱ्या ध्वनीकेबली काढा. गुणगुण तरीही राहिली तर दोष वीजपुरवठ्यात. गेली तर एकेक केबल परत जोडत दोषी शोधा. टीव्हीची तार काढल्यावर शांतता झाली तर चोर सापडला. सारी यंत्रे एकाच सॉकेटपट्टीवर आणा, म्हणजे त्यांची अर्थ एक होईल. ध्वनीची केबल आखूड ठेवा, विजेच्या केबलीपासून आणि ट्रान्सफॉर्मरपासून दूर. एवढ्याने भागले नाही तर ध्वनीच्या वाटेत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. तो आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे नेतो आणि तारेची जोड तोडतो. शक्य असेल तिथे ‘बॅलन्स्ड’ केबल वापरा. ती म्हणजे बेल यांची १८८१ ची दुसरी तार.

२१/
बॅलन्स्ड केबल असूनही व्यावसायिक स्टुडिओंत गुणगुण येई. कॅनडाचे अभियंते नील मन्सी यांनी १९९५ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात त्याचे कारण उलगडले. अनेक उत्पादक केबलची जाळी यंत्राच्या बाहेरच्या पेटीला जोडण्याऐवजी आतल्या नाजूक सर्किटच्या सामायिक बिंदूला जोडत. जाळीने अडवलेला कचरा मग थेट सर्किटच्या परतीच्या वाटेवर येई. शतकभरानंतरही चूक तीच होती: परक्या प्रवाहाला आपल्या वाटेवरून जाऊ देणे.

२२/
शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक खास गोष्ट. ग्रीडची वारंवारिता नेमकी ५० कधीच नसते. मागणी वाढली की ती किंचित उतरते, घटली की चढते. हा चढउतार एका ग्रीडवर सर्वत्र एकाच वेळी होतो आणि हुबेहूब तसाच पुन्हा सहसा होत नाही. रुमानियाचे कातालिन ग्रिगोरास यांनी या शतकाच्या आरंभी दाखवले की ध्वनिमुद्रणात नकळत उतरलेल्या गुणगुणीवरून त्याची वेळ ठरवता येते आणि मध्ये कापाकापी झाली असल्यास तीही पकडता येते. लंडनच्या महानगर पोलिसांच्या प्रयोगशाळेने तर विजेची गुणगुण वर्षानुवर्षे अखंड नोंदवून ठेवली आणि न्यायालयात तिचा पुरावा म्हणून उपयोगही झाला.

२३/
इतिहासकार कागदाच्या जलचिन्हावरून दस्तऐवजाचा काळ ठरवतात. ध्वनिमुद्रणावर तसेच चिन्ह ही गुणगुण उमटवते. म्हणून जुन्या कॅसेटींचे डिजिटल रूपांतर करताना ती पुसायची असेल तर जरूर पुसा, पण न पुसलेली मूळ प्रतही जपून ठेवा. आणि आज रात्री घर शांत झाले की स्पीकरजवळ कान नेऊन पाहा. खोल घरघर आहे, की तिच्याहून एक सप्तक वरची गुणगुण? ५० ची, की १०० ची? काय ऐकू आले ते खाली लिहा. कारण शोधायला आपण मिळून प्रयत्न करू.